कोरियन शिकायची तर मराठीच्या वाटेने : लिपी, उच्चार आणि पहिली वाक्ये

सोनचाफा

कोरियन शिकू पाहणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींची पहिली वही रोमन अक्षरांनी भरलेली असते आणि माझ्या मते अडचणींची सुरुवात तिथेच होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने 2000 साली ठरवलेली रोमन लेखनपद्धत तिच्या जागी योग्यच आहे. नकाशे, पारपत्रे, रस्त्यांवरच्या पाट्या यांसाठी तिची गरज असते. मात्र त्या पद्धतीत एकेका स्वरासाठी दोन-दोन रोमन अक्षरे वापरावी लागतात आणि आपण ती इंग्रजीच्या सवयीने वाचतो. राजधानीच्या नावाचे आपण ‘सेऊल’ करतो ते यामुळेच. कोरियन लिपीत त्या नावाचे दोनच अक्षरगट आहेत, ‘सॉ’ आणि ‘उल’, आणि ते वाचताना कसलीही शंका उरत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, एकही वाक्य पाठ करण्याआधी हंगुल लिपी शिकावी. जोसॉन राजघराण्यातील चौथा राजा सेजोङ याने ती 1443 मध्ये सिद्ध केली आणि 1446 मध्ये ‘हुन्मिन्जॉङउम’ या नावाने प्रजेसमोर आणली. त्याआधी कोरियन लोक चिनी चिन्हांत लिहीत आणि ते शिकायला आयुष्याची बरीच वर्षे द्यावी लागत. लिपी जाहीर करणाऱ्या त्याच नावाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत राजाने कारण स्पष्ट दिले आहे : आपली भाषा चीनच्या भाषेहून वेगळी असल्यामुळे सामान्य माणसाला काही सांगायचे असले तरी ते लिहून मांडता येत नाही, याचे आपल्याला वाईट वाटते. सोबतच्या स्पष्टीकरणग्रंथाच्या शेवटी जॉङ इन्जी हा विद्वान लिहितो की, हुशार माणूस ही अक्षरे सकाळ संपण्याच्या आत शिकेल आणि मंदबुद्धीचा माणूस दहा दिवसांत. मूळची 28 अक्षरे आज 24 उरली आहेत, 14 व्यंजने आणि 10 स्वर. जोडअक्षरे धरली तर संख्या 40 होते.

व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून घेतलेले आहेत आणि हे एकदा लक्षात आले की पाठांतर फारसे उरत नाही. ‘ग’चे अक्षर म्हणजे वर आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकातून खाली उतरणारी रेघ; जिभेचे मूळ घशाकडे उचलले जाते, त्याचे हे बाजूने पाहिलेले चित्र आहे. ‘न’ त्याच्या उलट, आधी खाली आणि मग उजवीकडे. जिभेचे टोक वर टेकते ते. ‘म’ हा चौकोन, म्हणजे तोंड. ‘स’ म्हणजे खाली फाकलेल्या दोन तिरक्या रेघा, दातासारख्या. घशाचे चिन्ह म्हणजे वर्तुळ. या पाचांवर रेघा वाढवत गेले की बाकीची अक्षरे मिळतात : ‘ग’मध्ये एक रेघ घातली की ‘ख’, ‘न’वर एक घातली की ‘द’ आणि आणखी एक घातली की ‘थ’. उच्चारातला जोर वाढतो तशी रेघ वाढते.

स्वर त्याहून सोपे आहेत. उभ्या रेघेच्या उजवीकडे छोटी रेघ काढली की ‘आ’, डावीकडे काढली की ‘ऑ’सारखा स्वर, आडव्या रेघेच्या वर काढली की ‘ओ’, खाली काढली की ‘उ’. नुसती उभी रेघ म्हणजे ‘इ’. नुसत्या आडव्या रेघेचा स्वर मराठीत नाही. ओठ ‘ई’साठी ताणावेत आणि उच्चार मात्र ‘उ’चा करावा. छोट्या रेघा दोन काढल्या की ‘या, यॉ, यो, यु’.

अक्षरे एकामागे एक मांडत नाहीत, त्यांचा चौकोनी गट करतात. ‘हान्’ लिहिताना ‘ह’ डावीकडे वर, ‘आ’ उजवीकडे आणि ‘न’ खाली. गटाची सुरुवात स्वराने होत असेल तर पहिली जागा रिकामी न ठेवता तिथे मुके वर्तुळ काढतात. सावरकरांनी पुरस्कारलेल्या लेखनात ‘अि, अी, अु’ लिहिताना ‘अ’ जे काम करतो, तेच काम हे वर्तुळ करते. तेच वर्तुळ गटाच्या खाली आले तर मात्र त्याचा उच्चार ‘ङ’ होतो. मराठी वर्णमालेत शाळेपासून पाठ केलेला आणि ‘वाङ्मय’ वगळता फारसा कधी न भेटलेला हा वर्ण कोरियनमध्ये पावलोपावली भेटतो, म्हणून या धाग्यात मी ‘ङ’ मुद्दाम वापरणार आहे.

कोरियन मुलांनाही पूर्वीपासून ‘गा, ग्या, गॉ, ग्यॉ, गो, ग्यो’ अशा तक्त्यावरून लिपी शिकवीत आले आहेत, म्हणजे आपली बाराखडीच. 1926 मध्ये लिपीचा पहिला स्मृतिदिन साजरा झाला तेव्हा त्याचे नावही ‘गाग्या दिवस’ होते. ‘हंगुल दिवस’ हे नाव 1928 मध्ये आले. आज दक्षिण कोरियात तो 9 ऑक्टोबरला असतो.

अनुस्वार

अतिशय उपयुक्त धागा आहे. लिपी मला वाचता येऊ लागली आहे, परंतु एका गोष्टीचा उलगडा होत नाही. एकच अक्षर कधी ‘क’ ऐकू येते तर कधी ‘ग’. ‘मांस’ या अर्थाचा शब्द लिहिताना एकच व्यंजन दोनदा येते, तरी ऐकताना ‘कोगी’ असे कानावर पडते. ‘पुसान’ आणि ‘बुसान’ यांचाही असाच घोळ आहे. नेमका नियम कोणता मानावा?

सोनचाफा

अनुस्वार, कानावर पडते ते बरोबरच आहे. मराठीत ‘क’ आणि ‘ग’ हे दोन वेगळे वर्ण आहेत. कोरियन माणसाच्या मनात ते एकच आहेत आणि जागेनुसार त्यांचा उच्चार बदलतो. शब्दाच्या सुरुवातीला ते अक्षर ‘क’कडे झुकते, दोन स्वरांच्या मध्ये आले की ‘ग’ होते. प–ब, त–द आणि च–ज यांचेही तसेच आहे. म्हणून त्या शहराचे नाव जुन्या रोमन पद्धतीत ‘प’ने लिहीत आणि 2000 नंतर ‘ब’ने लिहू लागले, पण तिथल्या लोकांच्या तोंडचा उच्चार काही बदलला नाही.

खरी कसोटी वेगळीच आहे. कोरियनमध्ये प्रत्येक जागी तीन प्रकारची व्यंजने असतात : साधे, घट्ट आणि महाप्राण. ‘चंद्र’, ‘मुलगी’ (लेक या अर्थी) आणि ‘मुखवटा’ हे तीन शब्द रोमनमध्ये वाचले तर गोंधळ उडतो. महाप्राण आपल्याला सोपा आहे, कारण तो सरळ ‘थ’ आहे : ‘थाल’ म्हणजे मुखवटा. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ज्याचा सराव करावा लागतो, ते आपल्याला जन्मापासून येते. घट्ट उच्चार म्हणजे आपला ‘त’, पण घसा आवळून आणि श्वास अजिबात न सोडता : ‘त्ताल’ म्हणजे लेक. साध्यात मात्र किंचित श्वास सुटतो आणि आवाज खालच्या पट्टीत सुरू होतो. ‘ताल’ म्हणजे चंद्र. आवाजाच्या पट्टीकडे कान ठेवला की साधे आणि महाप्राण यांतला फरक पटकन पकडता येतो.

मराठी माणसाने दोन गोष्टी जपाव्यात. एक, ‘च’ आणि ‘ज’ नेहमी ‘चित्र’ आणि ‘जीव’ यांमधल्यासारखे असावेत, ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांमधल्यासारखे नकोत. दुसरी, ‘फ’ म्हणताना दोन्ही ओठ पूर्ण मिटावेत. दात ओठाला लावून केलेला उच्चार कोरियनमध्ये नाहीच, म्हणून तिथे कॉफीची ‘खॉफी’ होते. ‘स’ला ‘इ’ लागली की तिचा ‘शि’ होतो, हे वेगळे शिकावे लागत नाही. ‘म्हैस’ची ‘म्हशी’ आपण रोज करतोच.

लिपिवेडा

सोनचाफा यांनी ‘वाङ्मय’चा उल्लेख केला आहे, त्याला जोडून एक महत्त्वाची गोष्ट मांडतो, कारण बहुतेक विद्यार्थी लिपी शिकूनही पुढे इथेच अडतात. अक्षरगटाच्या खालच्या व्यंजनाला कोरियनमध्ये ‘बाच्छिम’ म्हणतात. लिहिताना तिथे जवळजवळ कोणतेही व्यंजन येऊ शकते, उच्चार मात्र सातच होतात : क, न, त, ल, म, प, ङ. ‘कपडे’ या अर्थाच्या शब्दात शेवटी ‘स’ लिहितात आणि ‘ओत’ असे वाचतात. पुढे स्वर आला की तो ‘स’ परत येतो.

पुढच्या गटाशी गाठ पडल्यावर या व्यंजनांचे जे काही होते, त्याच्या याद्या इंग्रजी पुस्तकांत पानेच्या पाने भरून दिलेल्या असतात. नववी-दहावीला व्यंजनसंधी शिकलेल्या माणसाला त्या याद्यांची गरज नाही. ‘हान्गुक’ म्हणजे कोरिया आणि ‘ऑ’ म्हणजे भाषा. दोन्ही मिळून ‘हान्गुगॉ’. वाक् + ईश = वागीश. ‘हान्गुक’ला ‘माल’ म्हणजे ‘बोली’ हा शब्द जोडला की ‘हान्गुङमाल’. वाक् + मय = वाङ्मय. ‘छुक’ आणि ‘हा’ मिळून अभिनंदनाचा ‘छुखा’ होतो, म्हणजे ‘ह’ मागच्या व्यंजनात मिसळून त्याला महाप्राण करतो; तत् + हित = तद्धित यातही तेच घडते. प्राचीन राज्याचे नाव लिहितात ‘शिन्’ आणि ‘रा’, वाचतात ‘शिल्ला’; तत् + लीन = तल्लीन आठवावे. नियम तंतोतंत एक आहेत असे नव्हे, पण एका वर्णाने दुसऱ्याला आपल्यासारखे करून घ्यावे ही रीत तीच आहे. ‘आभारी आहे’ या वाक्याचा शेवट लिहिताना ‘हाप्निदा’ असतो आणि बोलताना ‘हाम्निदा’ होतो, तो ‘प’ कुठे गेला हा प्रश्न मग पडत नाही.

मधुमालती

हंगुल ब्राह्मीपासून निघाली असे मी काही ठिकाणी वाचले आहे. कोरियन आणि तमिळ या भगिनीभाषा असल्याचेही सांगितले जाते, कारण दोन्हींत वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात. याबद्दल जाणकारांनी सांगावे.

लिपिवेडा

‘अप्पा’वरून नाते सिद्ध होत नाही. लहान मूल पहिल्यांदा ओठांनीच आवाज काढते, त्यामुळे आई-वडिलांसाठीचे असे शब्द जगात जिथे-तिथे सापडतात. भाषाशास्त्रात तमिळ द्राविडी कुळात मोडते आणि कोरियन स्वतःच्या वेगळ्या कुळात.

लिपीचा प्रश्न अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे. स्पष्टीकरणग्रंथाची प्रत 1940 मध्ये पुन्हा उजेडात आली आणि 1997 मध्ये युनेस्कोने तिची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. व्यंजनांचे आकार अवयवांवरून घेतले, असे त्या ग्रंथातच म्हटले आहे. अमेरिकन अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांनी असे मांडले की, काही मूळ व्यंजनांच्या आकारांवर मंगोल काळातल्या फाग्स्पा लिपीची छाया आहे. फाग्स्पा तिबेटी लिपीवरून आली आणि तिबेटी लिपी ब्राह्मीच्या घराण्यातली आहे. हे मत सर्वमान्य नाही. परंतु वर्णांचे उच्चारस्थानानुसार गट पाडण्याची पद्धत तिथे नक्कीच आहे : ग्रंथात दाढ, जीभ, ओठ, दात आणि घसा असे वर्ग केले आहेत. चिनी ध्वनिशास्त्राला ही दृष्टी बौद्ध ग्रंथांबरोबर आलेल्या भारतीय वर्णविचारातून मिळाली आणि सेजोङ व त्याचे विद्वान ते ध्वनिशास्त्र नीट जाणत होते. ‘हंगुल ब्राह्मीची लेक’ म्हणण्यापेक्षा एवढे म्हणावे आणि थांबावे, असे मला वाटते.

रांजणगावचा वाटसरू

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात, एका कोरियन कंपनीत मी काम करतो. व्याकरण वरच्या मंडळींनी उत्तम सांगितले आहे. मी रोजच्या बोलण्याबद्दल लिहितो.

‘आन्न्यॉङहासेयो’ हा नमस्कार सकाळ-संध्याकाळ केव्हाही चालतो. नुसते ‘आन्न्यॉङ’ फक्त मित्रांत. निरोप घेताना दोन वाक्ये असतात : जाणाऱ्याला ‘आन्न्यॉङही गासेयो’, म्हणजे सुखाने जा, मागे राहणाऱ्याला ‘आन्न्यॉङही गेसेयो’, म्हणजे सुखाने राहा. आभारासाठी ‘काम्साहाम्निदा’, क्षमेसाठी ‘च्वेसोङहाम्निदा’. जेवणाआधी ‘जाल मॉक्केस्सुम्निदा’ आणि जेवून झाल्यावर ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’. ही दोन वाक्ये मनापासून म्हटली की समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी नेहमी पाहतो.

‘तुम्ही’ या अर्थाचा सर्वनाम शब्द वरिष्ठांपुढे वापरायचा नसतो. आडनाव, पद आणि शेवटी ‘निम’ अशी हाक मारतात : विभागप्रमुख ‘किम’ असतील तर ‘किम बुजाङनिम’. दिवस संपताना सहकारी एकमेकांना ‘सुगोहास्यॉस्सॉयो’ म्हणतात, म्हणजे आज बरेच श्रम घेतलेत. जुन्या वळणाच्या वरिष्ठांना हे वाक्य कनिष्ठाच्या तोंडून आवडत नाही, म्हणून मी त्यांना साधा निरोप देतो.

वयाने मोठ्या माणसाची विचारपूस करताना क्रियापदात आदराचा ‘शि’ घालतात. ‘शिक्साहास्यॉस्सॉयो?’ म्हणजे ‘आपले जेवण झाले का?’ आणि मित्राला ‘पाप मॉगॉस्सॉ?’ म्हणजे ‘जेवलास का?’. दोन्ही प्रश्न आपल्याकडे जितक्या आपुलकीने विचारले जातात, तितक्याच आपुलकीने तिथेही. छोट्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ अशी हाक मारतात. शब्दाचा अर्थ आईची बहीण, म्हणजे आपली मावशीच.

अनुस्वार

संख्यांबद्दलही कोणी लिहाल का? दोन प्रकारच्या संख्या आहेत असे दिसते.

रांजणगावचा वाटसरू

होय. देशी संख्या : हाना, तुल, सेत, नेत, तासॉत. चिनी वळणाच्या : इल, ई, साम, सा, ओ. वस्तू, माणसे आणि तास देशी संख्यांनी मोजतात. पैसे, तारखा आणि मिनिटे चिनी संख्यांनी. त्यामुळे ‘अडीच वाजले’ यात दोन्ही एकत्र येतात : ‘तु शी साम्शिप्पुन’, म्हणजे दोन तास देशी आणि तीस मिनिटे चिनी. मोजमापाचा शब्द पुढे आला की ‘तुल’चा ‘तु’ होतो.

सोनचाफा

वाक्यरचनेवर आता सविस्तर लिहिते, कारण मला या भाषेत सर्वांत जास्त आनंद इथे मिळाला आहे.

‘खॉफी तु जान जुसेयो.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘कॉफी दोन पेले द्या’. क्रम एका जागीही हलवावा लागत नाही. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि ‘पासून’ व ‘पर्यंत’ही मागेच येतात. इंग्रजीतून शिकलो तर हे सगळे उलटे करून शिकावे लागते आणि मग मनातल्या मनात पुन्हा सुलटे करावे लागते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे जोडक्रियापदे. ‘मॉगॉ बोसेयो’ : ‘मॉगॉ’ म्हणजे खाऊन आणि ‘बोसेयो’ म्हणजे बघा. खाऊन बघा! ‘बघणे’ हे क्रियापद ‘प्रयत्न करून पाहणे’ या अर्थाने आपण वापरतो, तसेच ते वापरतात. ‘स्सॉ जुसेयो’ म्हणजे लिहून द्या. ‘गाजिगो ओसेयो’ म्हणजे घेऊन या. ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो’ म्हणजे खाऊन टाकले, आणि इथले ‘बॉरिदा’ हे क्रियापद एरवी खरोखरच ‘टाकून देणे’ या अर्थाने वापरतात. घरातून निघताना मूल म्हणते ‘तान्यॉओगेस्सुम्निदा’, म्हणजे जाऊन येतो, आणि आतून उत्तर येते ‘तान्यॉवा’, जाऊन ये. आपल्या घरांत उंबऱ्याबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू देत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

काही गोष्टी मराठीहून सोप्याही आहेत. नामाला लिंग नाही आणि क्रियापद माणसानुसार बदलत नाही. ‘कायो’ या एकाच रूपात ‘जातो, जाते, जाता, जातात’ सगळे येते. कर्ता संदर्भाने कळत असेल तर तो सर्रास गाळतात. त्याऐवजी बोलणाऱ्याने लक्ष ठेवायचे ते आदराच्या पातळीवर. सुरुवातीला ‘यो’कारान्त रूप पक्के करावे, ते दुकानापासून शेजाऱ्यापर्यंत सगळीकडे चालते. मित्रांतली उघडी रूपे मालिकांतून कानावर सतत पडतात, पण ती अनोळखी माणसाशी वापरली तर अरेरावीची वाटतात.

मधुमालती

माझी भाची अकरावीत आहे आणि तिला ही भाषा पुढे न्यायची आहे. परीक्षा कोणती द्यावी?

लिपिवेडा

तोपिक ही दक्षिण कोरियाची अधिकृत परीक्षा आहे. पहिल्या भागात 1 आणि 2 या पातळ्या असतात, दुसऱ्यात 3 ते 6. पहिल्या भागात फक्त ऐकणे आणि वाचणे तपासतात. एकूण 200 गुणांपैकी 80 मिळाले तर पहिली पातळी आणि 140 मिळाले तर दुसरी. निकाल 2 वर्षे ग्राह्य असतो, म्हणून प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या वेळेचा अंदाज घेऊन बसावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक पातळीवर शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचे नाव आहे, त्यामुळे शाळेतही चौकशी करायला हरकत नाही.

अनुस्वार

सर्वांचे आभार. आता वाचनाच्या सरावासाठी काही सुचवावे. पाठ्यपुस्तकातले धडे वाचून झाले आहेत.

सोनचाफा

सॉउलच्या भुयारी रेल्वेचा नकाशा उघडावा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वर्तुळाकार मार्गावरची स्थानके फक्त हंगुलमधून वाचावीत. एक स्थानक लिहिताना ‘वाङ-शिप-री’ असे आहे; त्याचा उच्चार ‘वाङशिम्नी’ होतो. दुसरे ‘सॉन्-रुङ’ असे लिहितात आणि ‘सॉल्लुङ’ असे म्हणतात. लिपिवेडा यांनी सांगितलेले संधिनियम हाताशी ठेवून आधी स्वतः उच्चार ठरवावा आणि मगच नकाशावरचे रोमन नाव पाहावे, कारण 2000 ची पद्धत उच्चारानुसार लिहिते. उत्तर लगेच पडताळता येते.

सोबत भ्रमणध्वनीत कोरियन कळफलक घालून घ्यावा. त्यावर व्यंजने डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात, म्हणजे आपल्या देवनागरीच्या इनस्क्रिप्ट कळफलकाच्या नेमके उलट. अक्षरे क्रमाने दाबत गेले की गट आपोआप जुळतो. पहिल्यांदा स्वतःचे नाव लिहावे, मग ‘मुंबई’ आणि ‘पुणे’. पुण्याला तिकडे ‘फुने’ लिहितात. ‘ण’ त्यांच्याकडे नाही आणि ‘प’च्या जागी महाप्राण का घेतला असावा, हे अनुस्वार यांनी आता स्वतःच शोधून इथे लिहावे.